विमान जाऊ द्या

“या गावाच्या कानांवर सरकारनं घाला घातला आहे,” सरपंच नारायणराव उजवा हात उंचावून म्हणाले, “आणि त्याची दाद इथं लागली नाही तर उद्या बुलढाणा, परवा मुंबई, आणि वेळ पडली तर थेट दिल्ली! प्राण गेला तरी ही सावरखेडी कुणापुढं मान तुकवणार नाही!”

समोर बसलेल्या साठ-सत्तर माणसांनी एकदम माना वर केल्या. नारायणराव थांबले. हात हवेत तसाच ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाले,

“जाऊ द्या. विमान जाऊ द्या आधी.”

आकाशातून करकोच्यांची एक रांग सातपुड्याकडे चालली होती, जराही आवाज न करता. ती दिसेनाशी झाली तशा माना खाली आल्या. नारायणरावांनीही हात खाली घेतला आणि हं, तर मी काय म्हणत होतो, अशा चेहऱ्यानं ते विमानतळ अधिकाऱ्यांकडे वळले.

अधिकारी पुण्याकडचे होते. खुर्चीत पुढे सरकून ते म्हणाले, “सरपंचसाहेब, विमान आज उडालेलंच नाही. सकाळपासून शेडमध्ये आहे. चाक काढलंय त्याचं.”

उपसरपंच रंगरावांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि पुन्हा घातली. तेवढ्यात बायकांमधून अंबूबाई उठली. तिची म्हैस हाच या तक्रारीचा मूळ मुद्दा होता. विमान उठलं की ती पान्हा चोरायची.

“तेच त सांगून राह्यली ना मी साहेब!” अंबूबाई म्हणाली. “आवाज असा बसला आमच्या कानात, का विमान असो का नसो, आयकू येते.”

“नसलेला आवाज ऐकू येतो?”

“हाव.”

“सगळ्यांना?”

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सरपंचांच्या घरून अन्नपूर्णाबाई आल्या होत्या, त्यांचा हात आधी वर झाला. मग बाकीचे झाले.

अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. प्रकरण गंभीर आहे, ते म्हणाले. पुढच्या बुधवारी खामगावहून कानाचे डॉक्टर आणतो. कानांना अपाय झालेला निघाला तर विमानतळ इथून हलवण्याची शिफारस मी स्वतः करीन. तपासणी अर्थातच मुख्य तक्रारदारापासून सुरू होईल. चालेल ना, सरपंचसाहेब?

साठ-सत्तर चेहरे आपल्याकडे वळलेले पाहून नारायणरावांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली.

“मंजूर,” ते म्हणाले.

विमानतळ म्हणजे सोनाळ्याच्या रस्त्याला लागून मुरूम टाकून दाबलेली एक पट्टी, एक टिनाची शेड आणि वारा दाखवायला खांबावर टांगलेली लांबट कापडी पिशवी. गावानं तिचं नाव एका पायाचा पायजमा ठेवलं होतं. पण बाहेर पाटी लागली होती ‘विमानतळ’ अशी, आणि पाटी आहे म्हटल्यावर तिला अधिकारी आला. विमान एकच, पिवळं. कपाशीवर औषध फवारायला ते दिवसातून चार-पाच वेळा उठायचं, आणि उठलं की कौलं थरथरायची.

सगळ्या गावात या विमानाचं मनापासून स्वागत केलं असेल तर ते नारायणरावांनी, आणि तेही कुणाला न सांगता. दोन वर्षांपासून त्यांचे कान हळूहळू जात चालले होते. आधी रातकिडे गेले, मग देवळातली घंटा, मग माणसं. ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होती. गावात नाव पडायला वेळ लागत नाही. कचरू वीस वर्षांपूर्वी एकदा बैलगाडीतून पडला, तर अजून ‘पडका कचरू’ म्हणूनच त्याला हाक मारतात. पंचायत राज आल्यानंतर मिळवलेली, चार वर्षं सांभाळलेली सरपंचकी ‘बहिरा नारायण’ या दोन शब्दांत जाईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. डोळे त्यांचे उत्तम होते.

विमान आलं आणि ते सुटले. काही कळलं नाही की कपाळाला आठ्या घालून म्हणायचं, “या विमानानं जीव खाल्ला हो! काय म्हणलं?” माणसं पुन्हा सांगायची, मोठ्यानं सांगायची. पण वैताग रोज बोलून दाखवायचा म्हटल्यावर लोक विचारू लागले, एवढा त्रास आहे तर भाऊ, तक्रार काऊन नाही करत? मग करावी लागली. ज्यानं आपली लाज राखली त्यालाच गावाबाहेर काढायला निघालेला माणूस जसा बोलेल, तसंच ते सभेत बोलले. म्हणजे फारच जोरात.

सभेत काय झालं हे नारायणरावांना इतिवृत्तावरून कळे. ग्रामसेवक इंद्रभान सुवाच्य अक्षरात लिहून सहीला आणत असे, आणि ते वाचून सरपंचांना आपण काय काय मंजूर केलं ते समजे. अशा रीतीनं बौद्धवाड्यातली विहीर मंजूर झाली होती, शाळेची भिंत झाली होती, आणि रंगरावांच्या मळ्यापर्यंतचा रस्ता झाला होता. आधीच्या सरपंचांना सगळं ऐकू यायचं. त्यांनी पाच वर्षांत एकही गोष्ट मंजूर केली नव्हती.

या खेपेच्या इतिवृत्तात तिसऱ्या ओळीवर नारायणरावांचं बोट थांबलं. ‘येत्या बुधवारी सरपंचांचे कान तपासण्यात यावेत. सरपंचांनी आनंदाने मंजुरी दिली.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ तीच होती. त्यांनी सही केली.

ते चार दिवस नारायणराव जेवले कमी आणि फिरले जास्त. अन्नपूर्णाबाई काही विचारायचं तर समोर येऊन, त्यांच्या तोंडाकडे बघून विचारायच्या. लग्नानंतर पंचवीस-तीस वर्षं त्या पाठमोऱ्याच बोलत. अलीकडेच हे वळण लागलं होतं. सरपंचाच्या बायकोला शोभतं, असं नारायणरावांचं मत होतं.

मंगळवारी संध्याकाळी त्या समोर आल्या. “उद्या जानं हाय ना शाळेत?”

“तब्येत बरी नाही वाटून राह्यली मले.”

“जा लागते. साऱ्या गावाले बलावलं तुमी.” मग पदर खोचत त्या म्हणाल्या, “मी येतो. समोरच बसतो.”

बुधवारी शाळेचा ओटा भरून गेला. डॉक्टर बोटाएवढ्या मिशांचे, घाईतले गृहस्थ. जवळ चांदीचं खिशातलं घड्याळ. तपासणीचा नियम इंद्रभाननं सकाळीच कागदावर उतरवून आणला होता, “भाऊ, अक्षर बरं हाय का पाहा” या निमित्तानं. नियम सोपा होता: डॉक्टर मागे उभे राहून कधी या कानाशी, कधी त्या कानाशी घड्याळ धरतील, टिकटिक ज्या बाजूला येईल तो हात वर करायचा.

नारायणराव खुर्चीत बसले. समोर गाव, मागे डॉक्टर, आणि मधे पूर्ण शांतता, जी इतरांना तपासणीसाठी मुद्दाम धरावी लागत होती. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. किती वेळ गेला कोण जाणे. घड्याळ आलं असेल, गेलं असेल. हात जोडून सांगून टाकावं, म्हणून ते उठायच्या बेतात होते, तेवढ्यात समोरच्या रांगेत अन्नपूर्णाबाईंनी पदर उजव्या कानावरून ओढून घेतला.

त्या सभेत पदराशी कधी चाळा करत नसत. नारायणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बिचकत उजवा हात वर केला.

डॉक्टरांनी टिपण केलं.

आता पदर डाव्या बाजूला सरकला. डावा हात वर झाला. मग पुन्हा डावा. मग उजवा. आणि नेमके तेव्हाच अधिकारी नीट दिसावं म्हणून मधे येऊन उभे राहिले. अन्नपूर्णाबाई झाकल्या गेल्या.

नारायणरावांची नजर सैरभैर फिरली. बायकांच्या कडेला अंबूबाईनं आपली टोपली सावकाश उचलून उजवीकडे ठेवली. ते पाहत राहिले. पलीकडे कचरू उजवा कान खाजवत होता. इंद्रभाननं लेखणी उजव्या कानामागे खोचली. आणि रंगराव, ज्यांच्या संशयाची नारायणरावांना चार दिवस झोपेतही भीती वाटत होती, त्यांनी आपली टोपी धरून चांगली उजवीकडे कलती केली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

नारायणरावांनी गावावरून एकदा सावकाश नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग उजवा हात वर केला.

डॉक्टर हुशार होते. शेवटी त्यांनी घड्याळ गुपचूप खिशात टाकलं आणि रिकामी मूठ कानाशी धरली. सगळी सावरखेडी दगडासारखी बसून राहिली. पापणीसुद्धा हलली नाही. नारायणरावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

“कमाल आहे,” डॉक्टर पुढे येत म्हणाले. “साठीला असे कान मी पाहिले नाहीत. एकही चूक नाही!”

अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी आली. विमानतळाच्या सान्निध्यात कानांना अपाय होत नाही, झालाच तर फायदा संभवतो, असं त्यांनी जागच्या जागी लिहून काढलं. पण माणूस भला होता. गावाचीही काही अपेक्षा असेल, म्हणाला. तेव्हा अंबूबाईच्या मागणीवरून धारेच्या वेळी विमान उडणार नाही असं ठरलं.

“आन्‌ एक,” अन्नपूर्णाबाई उभ्या राहून म्हणाल्या. “विमान निंगायच्या आंधी त्या पायजम्याच्या खांबावर एक लाल झेंडा लावत जा. म्हंजे मानसाले दुरून दिसते, येऊन राह्यलं म्हनून.”

“जनावरं बांधायला सोपं,” अधिकारी म्हणाले.

“हाव. जनावराईसाठीच.”

सगळे चेहरे सरपंचांकडे वळले.

“मंजूर,” नारायणराव म्हणाले.

घरी जाताना दोघं नाल्याच्या वाटेनं निघाले. विमानाचं चाक बसवून झालं असावं. पट्टीच्या टोकाला लाल चिंधी वर चढताना दिसली आणि थोड्या वेळानं पिवळं यंत्र बाभळींवरून निघून गेलं. तुरीच्या शेतातला कचरू वर पाहून थांबला, मग सरपंचांना रामराम करून खाली वाकला.

नारायणरावांनी रामराम घेतला. अन्नपूर्णाबाई नव्या वळणाप्रमाणे दर दहा पावलांनी पुढे होऊन, मागे वळून काहीतरी सांगत होत्या: अंबूबाईची म्हैस, रंगरावांची टोपी. उलटं चालताना दोनदा त्यांना ठेच लागली. तिसऱ्यांदा लागली तेव्हा नारायणरावांनी त्यांचा दंड धरून त्यांना शेजारी घेतलं. घसा खाकरला. सभेत उभं राहावं तसं उपरणं नीट केलं.

“आयक,” ते म्हणाले. “डाव्या अंगानं चालत जाय जरा. तिकून थोडं थोडं येते अजून.”