सत्यशीलाची वकीलबाई

ट्रकचा हॉर्न पुन्हा वाजला. मांडीवरचं लेकरू दचकलं. सत्यशीलानं त्याच्या कानावर पदर धरला आणि जागची हलली नाही.

शिरूरच्या नोंदणी कार्यालयाच्या ओट्यावर सगळे जमले होते. घर विकणारे विजयसिंह खुर्चीत, शेजारी त्यांचा वकील खरेदीखत घेऊन. सत्यशीलाचा नवरा सिदू भिंतीला टेकून उभा. समोर रस्त्यावर ट्रक, त्यात भांडी, झोपडीचे बांबू, शेळ्या आणि या सगळ्याच्या मध्ये ऊसतोडीला निघालेली अख्खी टोळी. उन्हात.

"कावून थांबलीस गं?" मुकादम बजरंग केबिनमधून ओरडला. "अंगठा मार अन् चल की."

"मला सही येती," सत्यशीला म्हणाली. "माझी वकीलबाई येऊ द्या. मंग करते."

ट्रकात हशा पिकला. "वकीलबाई! उद्या फडातबी आणंल, ऊस तोडायच्या आधी वाचून घ्यायला."

विजयसिंह हसले नाहीत. ते समजूतदार आवाजात बोलले, आणि सत्यशीलाला तोच आवाज जास्त झोंबला. "अगं बाई, हे वकीलसाहेब हायेत की. त्यांची फी मी देतो, तुमाला रुपाया न्हाई. एका घराला दोन वकील कशाला? आपण काय फारकत घ्यायलाव का?"

"ते तुमचे वकील हायेत, दादा."

"माझे ते तुमचेच."

हे वाक्य तिनं आधी ऐकलं होतं. असंच, ट्रक उभा असताना. तेव्हा ती आता तिची लेक सायली आहे तेवढी होती. तिच्या बापानं, म्हाळूनं, गावात एक खोली घेतली होती. विकणाऱ्यानंच वकील आणला, विकणाऱ्यानंच कागद केला. म्हाळूनं एक पाय ट्रकच्या फळीवर ठेवून अंगठा दिला आणि तोडीला गेला. उन्हाळ्यात परत आला तर दारासमोर भिंत. कागदात खोली होती, खोलीपर्यंत जायची वाट नव्हती. जागा माझी, भिंत माझी, विकणारा म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढं जन्मभर म्हाळू शेजाऱ्याच्या अंगणातून शिडी लावून स्वतःच्या घरात उतरत राहिला. तो गेला तेव्हा त्याला चादरीत बांधून त्याच भिंतीवरून खाली घ्यावं लागलं. तिरडी बाहेर, रस्त्यावर बांधली. खाली उभ्या बायकांमध्ये सत्यशीला होती. चादर भिंतीला घासली, तो आवाज तिच्या कानातून अजून गेला नाही.

म्हणून तिनं पावसाळ्यातच मैनुद्दीनचाचाला विचारून ठेवलं होतं. बाजारात तिच्या भाजीशेजारी चाचा केळी विकायला बसायचे. त्यांची लेक यास्मिन बीडला वकिली करत होती. सिदू तेव्हाच कुरकुरला होता. भांडण न्हाई, तंटा न्हाई, वकील कशाला?

"भांडण झाल्यावर आणला तर त्यो काय बघंल?" ती म्हणाली होती. "भिंत?"

घर तिला सायलीसाठी हवं होतं. दोन खोल्या, शाळा चालत जाता येईल अशी. दरसाल ट्रक निघाला की पोरीची शाळा सुटायची. फडात ती दिवसभर भावाला सांभाळायची आणि आल्यावर वर्गात मागं बसायची, कारण पुढचं सगळं शिकवून झालेलं असायचं. आता ती आजीजवळ इथंच राहणार होती. सायली सकाळीच आजीला घेऊन घर बघायला गेली होती. झाडून काढते म्हणाली.

एसटी आली. यास्मिन उतरली ती घामेजलेली, काळा कोट हातावर टाकलेला. "सॉरी ताई, बस पंक्चर झाली." ती सत्यशीलाशेजारी खालीच बसली आणि कागद मागितला. विजयसिंहांच्या वकिलानं तो दिला, जरा उशिरानं.

ती वाचत असताना हॉर्न दोनदा वाजला. तिनं मान वर केली नाही. शेवटी विचारलं, "ताई, घर मागं आहे ना? रस्त्यावर जायचं कुठून?"

"दादांच्या मोकळ्या जागेतून."

"यात ते नाही."

"वाट दिसती की डोळ्याला," विजयसिंह म्हणाले. "आजवर कुणाला अडवलं मी? वाट काय लिव्हून द्यायची असती? माणसाच्या भरवशावर दुनिया चालती."

"मंग घरबी भरवशावर द्या," सत्यशीला म्हणाली. "ते कशाला लिव्हायलाव?"

सिदूनं डोळे मिटून घेतले.

विजयसिंहांचा समजूतदार आवाज गेला. "माझ्यावर वकील घालती व्हय? माझ्यावर? तुझा सासरा माझ्या बापाच्या वाड्यावर पाणी भरायचा. हाय ह्या कागदावर सही कर, न्हाईतर जा. उन्हाळ्यात आल्यावर बघू. तवा घर राहील, न राहील." आणि त्यांनी ट्रककडं पाहिलं.

ती नजर सत्यशीलानं पकडली. आजचा दिवस कुणी ठरवला होता? ती महिनाभर म्हणत होती, दादा, आधी करू, निघायच्या दिवशी गडबड होती. दादा म्हणत होते, त्याच दिवशी करू, तुमचा हेलपाटा वाचंल. हेलपाटा वाचवणारे हे. फी वाचवणारे हे. म्हाळूचंही सगळं असंच वाचवलं होतं.

"कर की सही," सिदू हळूच म्हणाला. "लोकं उन्हात हायेत."

"लोकं उन्हातच असत्यात. तुमी जावा. मी मागून येते."

"एकटा जाऊ?"

"जावा म्हणलं ना."

बजरंग खाली उतरून आला. "कोयता म्हणून धरलंय तुमाला. नवरा-बायको मिळून एक. ही न्हाई आली तर तुला अर्धाच धरीन, सांगून ठेवतो."

"सिदूचा अर्धा कोयता झाला बे!" ट्रकातून कुणीतरी ओरडलं, आणि सगळी टोळी हसली.

सिदूचा चेहरा काळवंडला. तो ट्रकवर चढला, सत्यशीलाचं बोचकं उचललं आणि वरून खाली फेकलं. आतला डबा रस्त्यावर गडगडत गेला. मग त्यानं आपल्या बोचक्यात हात घातला. लेकराची झोळी त्यात होती. ती त्यानं काढली, गुडघ्यावर घडी केली आणि वाकून तिच्या हातात दिली. तिच्याकडं मात्र बघितलं नाही.

ट्रक गेला. वळणावर शेळी ओरडल्याचं ऐकू आलं, मग तेही नाही.

सत्यशीला डबा उचलून ओट्यावर परत आली आणि पहिल्याच जागी बसली. "आता मला कुठंच जायचं न्हाई, दादा. आज हाय, उद्या हाय. तुमी म्हणाल तवा."

विजयसिंह रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिले. घर विकण्याची गरज त्यांनाही होतीच, नाहीतर ते या उन्हात खुर्ची टाकून बसले नसते. त्यांच्या वकिलानं त्यांच्या कानाशी काही सांगितलं. त्यांनी मान झटकली. मग कुणाकडंच न बघता म्हणाले, "लिव्हा काय लिव्हायचं ते."

यास्मिननं पेन काढलं. "वाट किती रुंद?"

"माणूस जाईल एवढी," विजयसिंह म्हणाले.

"न्हाई," सत्यशीला म्हणाली. "चौघं जातील एवढी. खांद्यावर घेऊन."

विजयसिंहांनी प्रथमच तिच्याकडं नीट पाहिलं. मग नजर खाली केली आणि मानेनं हो म्हणाले.

सह्या झाल्या तेव्हा ऊन कललं होतं. यास्मिन परतीच्या एसटीला गेली. सत्यशीला बोचकं काखेला आणि लेकरू कडेवर घेऊन मोकळ्या जागेतून घराकडं निघाली. दारात सायली खराटा घेऊन उभी होती. "आई, बाबा कुठंय?"

"गेले."

"अन् तू?"

"चार दिवसांनी जाईन, एसटीनं. एकट्यानं न्हाई निभत त्यांना."

"आत ये की. समदं झाडलंय."

"येते," सत्यशीला म्हणाली. पण लेकरू रडायला लागलं होतं. ती आत गेली नाही. तिथंच, वाटेच्या मधोमध, मातीत बसली, पदर ओढून लेकराला पाजायला घेतलं. खुर्ची डोक्यावर घेतलेला विजयसिंहांचा गडी मागून आला, थबकला आणि तिला बाजूला सरक न म्हणता कडेनं निघून गेला.