अक्काचा शेरा

"छान आहे," अक्का म्हणाली, आणि भोंगाबाईचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबला.

सूप करपलं होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं बुडाला लागलेलं आणि वर ढवळून आणलेलं. भोंगाबाईचे यजमान वीज कंपनीत मीटर वाचायला होते. घरोघरी जिने चढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि जिथे जे मिळेल ते पोटात ढकलून पुढच्या जिन्याला लागायचं, ही सवय हाडात मुरली. अशा माणसानेही आपली वाटी हळूच बाजूला सारली होती आणि आता मान वर करून ते हॉटेलच्या पंख्याची तपासणी करत होते. आणि अक्का म्हणते, छान आहे!

"खरंच, अक्का?"

"मग काय खोटं सांगते? छान आहे म्हटलं ना."

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. पण अक्काने उभ्या जन्मात कशाला छान म्हटलं नव्हतं. माहेरी पातेलं खाली उतरलं की पहिला चमचा अक्काचा. तिचा शेरा पडल्याशिवाय वडीलसुद्धा घासाला हात लावत नसत. "मीठ झोपलंय." "आंबट पुढे धावलंय, बाकीचे मागे राहिले." "ही भाजी कुणी केली? भांडून आली होती का स्वयंपाकघरात?" फारच मेहेरबान झाली तर "चालेल." अक्काचं 'चालेल' मिळालं की आई दिवसभर गुणगुणायची. भोंगाबाईच्या लग्नात तर आचाऱ्याने अक्काला लांबून येताना पाहिलं आणि कढईवर झाकण टाकलं.

भोंगाबाई हे नावही अक्कानेच दिलेलं. धाकटी बहीण पाळण्यात रडायची ती पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची, म्हणून 'भोंगा'. पुढे भोंग्याला नोकरी लागली तीही बस स्टँडवर, माइकसमोर. नावाला इतकं जागलेलं माणूस विरळाच. निवृत्त होईपर्यंत त्या काचेच्या खोलीत बसून तिने गाड्या लावल्या आणि सोडल्या. डबा खायचा तो दोन गाड्यांच्या मध्ये. घास गालात दाबून "फलाट क्रमांक" म्हणायचं कसब तिला साधलं होतं. नवे प्रवासी मात्र समजायचे, बाईंची दाढ सुजली आहे. घरी पाहुणे आले तरी तीच गत. अक्का आणि भाऊजी आले की ही वाढायची, दोन घास उभ्याने खायची आणि पदर खोचून पाळीवर पळायची. बहिणीशेजारी बसून पूर्ण जेवण असं तिला आठवतच नव्हतं.

म्हणून निवृत्त झाल्या झाल्या तिने अक्काला फोनवर हुकूम सोडला होता. "तू यायचंस. चुलीकडे फिरकायचं नाहीस. रोज बाहेर जेवायचं, सगळं मधोमध ठेवायचं, चौघांनी चमचे घालायचे. आणि तू शेरे मारायचेस. मला पोटभर ऐकायचेत."

अक्का आली, शेरे आलेच नाहीत. पहिल्या दिवसापासून 'छान आहे'. चिवट मासा छान, कच्चे बटाटे छान, आता हे सूपही छान. पाहुण्या बाईसारखं. भोंगाबाईला तेच लागत होतं. ज्या बहिणीने आपल्या पहिल्या पोळीला "हिला चाक म्हणून गाडीला लावा" म्हटलं, ती आता उपचाराचं बोलते? मी एवढी परकी झाले?

समोर भाऊजी नेहमीसारखे ताटावर वाकून, हरवलेली सुई शोधावी तसे जेवत होते. भाऊजी शिंपी. अंगातलं जाकीट स्वतःच शिवलेलं आणि आतून-बाहेरून खिशांनी भरलेलं. मधूनच त्यांचा हात आतल्या खिशात गेला, मूठ मिटून बाहेर आली, ताटावरून फिरली. गोळी घेत असतील, भोंगाबाईला वाटलं. या वयात प्रत्येकाच्या खिशात एक दवाखाना असतोच.

"मी काय म्हणते," अक्का रुमालाने ओठ टिपत म्हणाली, "आम्ही उद्याच निघावं."

"उद्या? अगं, आठवडाभर राहायचं ठरलंय ना?"

"झालं की राहून. घर बंद आहे तिकडे."

"घर काय पळून जातंय?" मीटरवाले पंख्यावरून खाली उतरले. "साडूभाऊ, तुम्ही तरी सांगा."

भाऊजींनी ताटातून मान वर केली, बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा सुई शोधायला लागले. "ती म्हणेल तसं."

सकाळी भोंगाबाई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. शर्टाला चिमटा लावता लावता तिच्या नाकात खमंगपणाच्या फार पुढे गेलेला वास शिरला. ती धावली. स्वयंपाकघरात निळसर धूर. दुधाचं पातेलं उतू जाऊन, आटून, काळं ठिक्कर पडायला आलेलं. आणि शेगडीपासून हातभर अंतरावर, तिकडे पाठ करून, अक्का निवांत शेंगा सोलत बसलेली.

"अक्का! दूध!"

अक्का दचकून वळली. तिने धूर पाहिला, मग बहिणीचं तोंड पाहिलं. शेंगांची ताटली मांडीवरून घसरली, दाणे फरशीभर झाले.

भोंगाबाईने गॅस बंद केला, खिडकी उघडली. मग ती वळली आणि अक्काने सांगण्याची वाट बघत उभी राहिली. आयुष्यभर बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईला हे सोपं नव्हतं.

"गेल्या हिवाळ्यात ताप आला होता ना मला," अक्का दाण्यांकडे बघत म्हणाली. "ताप गेला तो वास घेऊन गेला. चवही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. कदाचित नाही. कागद खाल्ल्यासारखं लागतं सगळं. ओला कागद, कोरडा कागद, एवढाच फरक."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तू एवढी हौसेने बोलावलंस. शेरे मार म्हणालीस. मग मी तुझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायला लागले. त्याने मिटक्या मारल्या की म्हणायचं छान."

भोंगाबाईला रडू यायचं होतं, पण आलं हसू. "अगं, कुणाचं तोंड निवडलंस! त्यांना उशी वाढली तरी खोळीसकट खातील."

"काल त्याने वाटी बाजूला सारली ती मला 'छान' म्हणून झाल्यावर दिसली," अक्काही हसली, आणि हसता हसता तिने डोळ्याला पदर लावला. "सूप करपलं होतं, ना?"

"करपलं? राख होती, राख."

"बघ. म्हणून म्हणते, जाऊ दे मला. तुमचं जेवण रंगतं, आणि मी समोर भिंतीसारखी बसते. भिंतीशी कोण जेवतं?"

"भाऊजींना माहीत आहे?"

"मी सांगितलं नाही. ते विचारत नाहीत. हाताच्या अंदाजाने करते, ते जेवतात." ती खाली वाकून एकेक दाणा वेचू लागली. "तूही काही बोलू नकोस."

भोंगाबाई शेजारी बसून दाणे वेचू लागली. बराच वेळ दोघी एकाच फरशीवर उकिडव्या, लहानपणी मणी सांडल्यावर बसायच्या तशा.

"एक जेवण दे मला," शेवटी भोंगाबाई म्हणाली. "आज संध्याकाळचं. उद्या जायचं तर जा. अडवणार नाही."

संध्याकाळी ती मुद्दाम दुसऱ्या हॉटेलात घेऊन गेली. लहानसं, सहासात टेबलांचं, स्वयंपाकघर दिसेल असं. तिने अक्काला आपल्या शेजारी बसवलं. समोर दोघे साडू. सूप आलं. तिने एक चमचा घेतला, जिभेवर घोळवला आणि अक्काच्या कानाशी लागली.

"गरम आहे."

"ते मलाही कळतं. जीभ भाजते अजून."

"लिंबू आहे."

"लिंबू तर दिसतंय वर तरंगताना. पुढे?"

भोंगाबाईने दुसरा चमचा घेतला. पुढे काय? चवी मोजायचं काम अक्काचं. तिने आपलं घास गिळून गाड्या सोडल्या. तिला शब्दच सापडेनात. "बरं आहे," ती पुटपुटली. "म्हणजे... छान आहे."

"तुला जमायचं नाही," अक्का म्हणाली आणि चमचा खाली ठेवला. "राहू दे गं. मनाला लावून घेऊ नकोस."

ठेवलेल्या त्या चमच्याचा आवाज भोंगाबाईला फार मोठा वाटला. तिने घसा साफ केला. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली, आणि ज्या आवाजाने सबंध स्टँड हलत असे तो आवाज बाहेर पडला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

शेजारच्या टेबलावरच्या बाईच्या हातून पाव पडला. वेटर जागच्या जागी उभा राहिला.

"लिंबू फलाट क्रमांक एकवर वेळेवर आलेले आहे. मिरे त्याच्या मागे उभे असून अद्याप सुटलेले नाहीत... थांबा, सुटले! घशाच्या दिशेने रवाना झाले आहेत. लोणी सावकाश येत आहे, वळणावर दिसले आहे."

अक्का बघतच राहिली. मग तिने चमचा उचलला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. "थांब, थांब. लोणी कुठवर आलं?"

"जिभेच्या कडेकडेने. लोणी आल्यामुळे लिंबाने जागा सोडलेली आहे."

"आणि मिरे?"

"मिऱ्यांनी कानात धूर सोडला आहे. प्रवाशांनी पाणी जवळ ठेवावे."

अक्का हसायला लागली. आधी खांदे हलले, मग सगळी अक्का. इतकी की सूप नाकात गेलं आणि मीटरवाल्यांनी टेबलावरचे सगळे कागदी रुमाल एकदम तिच्यापुढे धरले. "झालं काय या दोघींना?" ते भाऊजींना म्हणाले. "साडूभाऊ, तुमच्याकडच्या पाण्यात काही असतं का?"

भाऊजी बायकोकडे बघत होते.

भात आणि भाजलेला मासा आला. अक्काने स्वतःहून पानातला पहिला तुकडा तोडून भोंगाबाईच्या पुढे सारला. "हं. कर सुरू. आणि नीट सांग, उगीच सगळ्या गाड्या वेळेवर आहेत असं म्हणू नकोस. तुझ्या स्टँडवर एक तरी गाडी कधी वेळेवर होती का?"

भोंगाबाईचं काळीज जागेवर आलं. ही अक्काच.

"मासा ताजा आहे, कडेने कुरकुरीत," ती जाहीर करू लागली. आता आजूबाजूची टेबलंही चमचे थांबवून ऐकत होती. "लसूण भरपूर, उभ्याने प्रवास करत आहे. परंतु मीठ..." तिने पुन्हा चव घेतली. "मीठ अजून आगारातून निघालेले नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

भाऊजींचा हात सवयीने आतल्या खिशाकडे गेला. मूठ मिटून बाहेर आली आणि टेबलाच्या कडेशी घुटमळली.

"काढा ती डबी," अक्का म्हणाली.

भाऊजी थिजले.

"काढा हो. टेबलाखालून कशाला? पँटवर सांडतं आणि मग मलाच झटकायला लागतं."

भाऊजींनी मूठ उघडली. गुंड्या ठेवायची जुनी पत्र्याची डबी होती ती, झाकणाचा रंग बोटांनी गेलेला. उघडली तर आत मीठ.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी हळू विचारलं.

"जाकिटाला नवा खिसा शिवलात तेव्हापासून. दोरा कुठला वापरला, तेही माहीत आहे. आणि तुम्हाला?"

"पहिल्याच आठवड्यात. आमटीत मीठच पडलं नव्हतं, आणि तू काहीच बोलली नाहीस." त्यांनी डबी दोन बोटांनी फिरवली. "मला वाटलं, तुला बोलायचं नसेल."

"मला वाटलं, तुम्हाला ऐकायचं नसेल."

मीटरवाले एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. "म्हणजे कालचं सूप..." ते म्हणाले. भोंगाबाईने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. त्यांनी घास घेतला.

"भोंग्या," अक्का म्हणाली, "उद्या कुठे नेणार आहेस जेवायला?"

"तू सांगशील तिथे."

"जिथे वाईट मिळतं तिथे ने. वाईट ऐकायला जास्त मजा येईल."

मग तिने नवऱ्यापुढची डबी आपल्याकडे ओढली. चिमूट भरली, अगदी पूर्वी भरायची तशी, अंगठ्याने घोळवून. त्यांच्या माशावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पेरली आणि हात तसाच वर धरून थांबली.

"बघा. पुरे?"

भाऊजींनी घास घेतला. सावकाश चावला.

"किंचित अजून," ते म्हणाले.