मागची सीट

गाडी घ्यायची तर सात जणांचीच, हे मी निकुंजच्याही आधी ठरवलं होतं. फक्त बोलले नाही. माहेरी आयुष्य काढलेल्या बाईने 'मला जागा हवी' असं तोंड उघडून मागायचं नसतं. मागितलं आणि नाही म्हणाले, तर मग त्याच घरात जेवायला कुठल्या तोंडाने बसायचं?

निकुंज म्हणजे माझ्या भावाचा, वजुचा, एकुलता एक. त्याचं नाव मी ठेवलं. फोईचा, म्हणजे आत्याचा, मानच तो. जावळ काढलं तेव्हा त्याचे केस माझ्या ओटीत पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सासरहून कायमची परत आले, ती राजकोटच्या या घरातच राहिले. लोणची माझी, खाखरे माझे, निकुंजच्या शाळेचे डबे माझे. पण जुनी गाडी पाचांची. कुठेही निघायचं झालं की वजु किल्ली फिरवत म्हणायचा, "बेन, घर कोण बघणार?" घर काय पळून जाणार होतं मेलं! पण बघत बसले.

आता निकुंजचा धाकटा, पर्व, तीन वर्षांचा झाला. त्याचं जावळ कच्छात, कुळदेवीपाशी. निकुंजला बहीण नाही, म्हणजे पर्वचीही फोई मीच. सगळ्यांना एकत्र जाता यावं म्हणून मोठी गाडी घ्यायची निघाली आणि मी पेटीतली लाल बांधणी काढून उन्हात घातली. तिचा पदर चांगला रुंद आहे.

दोन गाड्यांत घोडं अडलं. एक सहाची. मध्ये दोन ऐटदार वेगवेगळ्या खुर्च्या, वर छताला खिडकी. निकुंजची मोठी, हेत्वी, त्या खिडकीतून डोकं काढून उभी राहिली ती खाली यायला तयार नाही. सूनबाई धाराही त्या खुर्चीत अशी रेलली, जणू घरी न्यायचीच बाकी होती. दुसरी सातची. दिसायला साधी, तोंड जरा रुसल्यासारखं. मध्ये लांब बाकडं आणि मागे दोघांची बैठक.

मी गुडघे धरत, देवाचं नाव घेत त्या मागच्या बैठकीत शिरले. गुडघे हनुवटीला लागत होते, खिडकी एवढीशी. तरी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हात फिरवून बघितला. ही माझी, म्हटलं.

बाहेर शोरूमचा माणूस निकुंजला विचारत होता, "घरात माणसं किती, साहेब?"

"सहा."

एव्हाना मी उतरून तिथेच उभी होते, निकुंजचीच पाण्याची बाटली हातात धरून. वजुने ऐकलं, भावजय भानुने ऐकलं. दोघंही पुढच्या गाडीकडे वळले. असेल चुकला, मी मनाशी म्हटलं. पोरगं पहिल्यापासून हिशेबात कच्चं.

घरी गाठियाची ताटली मध्ये ठेवून वाद रंगला. धारा सहाचीच धरून बसली. मग मी माझं अस्त्र काढलं. "डिझेलची आहे ना ती? दोनदा कच्छ करून आलात की डिझेल परवडेनासं होऊन दारात उभी राहील, आणि त्या खिडकीतून तुम्ही आकाश बघत बसाल. सातचीला गॅस बसतो. राजकोटात राहून गॅसवर न चालणारी गाडी घेतो का कुणी शहाणा?"

"जसुबेन, तुम्हाला गाडीतलं कधीपासून कळायला लागलं?" भानु हसली.

"तुझ्या नवऱ्याला कळेनासं झालं तेव्हापासून!"

वजुने मांडीवर थाप मारली. "पण बेन बोलली ते खरं आहे."

"फोई, तू तर त्या शोरूमवाल्याला विकून खाशील," निकुंज म्हणाला.

धारा फुरंगटली. "आणि पर्वला त्याची वेगळी सीट लागेल हं. एवढ्या लांब मी मांडीवर घेणार नाही, आत्ताच सांगते."

म्हणजे सातची लागणारच की! मी तिला मनातल्या मनात सौभाग्यवती भव म्हटलं आणि जास्तीचे गाठिये वाढले.

गाडी आली. बॉनेटवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, मीच काढला, नारळ मी आणला. त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी निकुंज गाडी घेऊन गेला तो संध्याकाळी परतला. मागोमाग एक माल वाहणारी छकडो रिक्षा. "फोई, तुझं ऐकलं बघ! गॅस बसवून आणला." रिक्षावाल्याने मागून काहीतरी मोठं उतरवून ओट्यावर ठेवलं. माझी सीट होती ती.

"ही का काढली रे?"

"मग टाकी कुठे ठेवणार? मागेच बसते ती."

"आणि माणसं?"

"मावतील की. मी, पप्पा पुढे. मम्मी, धारा, हेत्वी मागे. पर्व मांडीवर."

सूनबाईला आता टाकीसाठी पोर मांडीवर चाललं. सहाची घेतली असती तर हाच हिशेब करून मीही बसले असते. माझ्याच जिभेने मी माझी जागा उपटून टाकली होती. निकुंजच्या तोंडाकडे बघत राहिले. लबाडी असती तर शिव्या तरी घातल्या असत्या. त्याच्या काही लक्षातच आलं नव्हतं. भानुच्या आलं, ती मान खाली घालून आत गेली.

"जावळाचं कसं?" मी विचारलं. "मी बसने येते."

"बेन, बस दोनदा बदलावी लागते. तुझे गुडघे..." वजु म्हणाला. "आणि काकाची सोनल, तीही फोईच लागते, तिथंच राहते, ती घेईल केस ओटीत. शिवाय घर कोण बघणार?"

निघायच्या दिवशी मी पहाटेच उठले, थेपले केले, सुखडी डब्यात भरली आणि बांधणी नेसले. का नेसले? ऐन वेळी कुणीतरी म्हणेल, 'चल गं, सरकून बसू.' खरंच वाटत होतं मला. हेत्वीने काचेतून हात हलवला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मी ओट्यावरच्या त्या सीटवर जाऊन बसले. इथे गुडघे मोकळे सुटत होते. पदर मांडीवर पसरला होता, तो तसाच राहू दिला.

समोरची कांता झाडू टाकून आली. "हे काय, जसुबेन! तुम्ही नाही गेलात? बांधणी नेसून?"

"घर कोण बघणार?" मी म्हटलं.

"आणि ही सीट नवी वाटतं? मऊ दिसतेय."

"बस ना," मी सरकले. "दोघींची जागा आहे."