मातीला दिलेला तुकडा

"द्या डॉक्टरसाहेब, मातीचं मातीला जाऊ द्या," खाजाभाईनं धुवट फडकं पुढं केलं.

आत त्याची बायको बानू अजून गुंगीत होती. डॉक्टर कानड्यांनी तिचं अपेंडिक्स काढलं होतं. पण ते वांग्याएवढं फुगलेलं, आत खळीसारखा चिकट लगदा.

"ही गाठ वेगळी दिसते, खाजाभाई. मुंबईला तपासायला पाठवू."

"आमच्यात शरीर म्हंजी अल्लाची अमानत. कापलेलं बोटसुदिक पुरत्यात. बायकोचा तुकडा परक्यांनी बघायचा? हात जोडतो!"

कानडे पडले भिडस्त. दिला तुकडा. खाजाभाईनं तो कबरस्तानाच्या कोपऱ्यात पुरला आणि निर्धास्तपणे आपल्या कल्हईच्या भट्टीपाशी बसला.

दोन वर्षांनी, दुसरी मोठी लढाई संपली त्या साली, बानूचं पोट दिसू लागलं. लग्नाला बारा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता! शेजारची छबूबाई म्हणाली, "काय गं, आमचं तोंड कवा गोड करतीस?" खाजाभाईला तर आभाळ ठेंगणं झालं.

"हालचाल न्हाई वो कसली," बानू म्हणायची.

"हुईल की!" भोळा कुठला! त्या नादात आणखी तीन महिने गेले.

शेवटी दवाखान्यात आणलं. कानड्यांनी पोट उघडलं तर आत मूल नव्हतंच. तीच खळ, आतड्याआतड्यांना चिकटलेली. निघेल तेवढी काढून ते बाहेर आले.

"तुकडा तपासला असता तर मी सावध राहिलो असतो, तिला वरचेवर बोलावलं असतं. वाचलीच असती असं नाही म्हणत. पण मी तो द्यायला नको होता."

"आता?"

"आता थोडे दिवस."

बानू शुद्धीवर आल्यावर खाजाभाईनं रडत रडत सगळं सांगितलं. तिनं मान त्याच्याकडं वळवली.

"पोट माझं हुतं. तवा मला का न्हाई इचारलं?"

खरंच, तिला विचारायचं हे खाजाभाईच्या मनातही आलं नव्हतं, आणि तेच त्याला आता खाऊ लागलं.

"मी दिला असता," ती म्हणाली. "आता काढलंय ते तरी पाठवा. कुनाच्या लेकीच्या कामी यील."

डॉक्टर ती खळ बरणीत भरून मुंबईला पार्सल करणार होते. खाजाभाई म्हणाला, "मीच नेतो."

दौंडच्या गाडीत बरणी मांडीवर घेऊन तो अंग चोरून बसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं.

"मुरंबा का वो?"

"न्हाई बाबा. घरचं मानूस हाय," खाजाभाई म्हणाला. "जरा सरकता का? धक्का लागतोय तिला."