काटेमाठाची पानं

भातात खडा लागला तशी धाकट्यानं ताटली भिरकावली. आंधळ्या माणसाची फेक ती. भिंतीवर जायची ती थोरल्या बहिणीच्या गुडघ्यावर बसली आणि भात सगळा जमिनीवर सांडला.

“दात पाडतेस का माझे?” तो ओरडला. “तांदूळ निवडतेस का दगडं राखतेस गं?”

“राहिला असेल एखादा चुकून,” थोरली म्हणाली आणि गुडघा चोळत शितं गोळा करायला बसली.

“तुझ्या हातनं सगळं चुकूनच होतं,” चुलीपुढून म्हातारी आई बोलली. “डोळे असेच चुकून घालवलेस त्याचे. आता दात घालव. म्हणजे सुटलीस.”

थोरलीनं मान वर केली नाही. हे बोलणं तिला नवं नव्हतं. पाणी तापलं नाही की तेच, कोंबडी मेली की तेच. फिरून फिरून गाडी धाकट्याच्या डोळ्यांवर यायची आणि तिथून तिच्या डोक्यावर.

तिचं केस पिकायचं वय झालं तरी लग्न झालेलं नव्हतं. दोनदा माणसं बघायला आली होती; पण “ही गेली तर आंधळ्याला कोण धरणार?” असं म्हणून म्हातारीनं त्यांना पाण्यावरच बोळवलं. एक काठी होती. तिचं पुढचं टोक थोरलीच्या हातात, मागचं धाकट्याच्या. परसाकडं जायचं तरी तसंच, बाजारात जायचं तरी तसंच. ती हळू चालली की तो त्याच काठीनं तिला ढोसायचा. नांगराच्या बैलाला निदान पावसाळ्यानंतर विसावा असतो.

घडलं होतं ते त्या मोठ्या दुष्काळात. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि वारा सुटला की अख्खं शेत उडून दारात यायचं. बाप आधीच गेलेला. आई खडी फोडायला जायची आणि धाकट्याला थोरलीच्या कडेवर देऊन जायची. घरात तांदळाचं एकच मडकं राहिलं होतं. तो तांदूळ आई सडून सडून दुधासारखा पांढरा करायची आणि त्याची पेज फक्त धाकट्याला पाजायची. स्वतः तिनं त्यातला दाणा तोंडात टाकला नाही. मायलेकींना काटेमाठ. उकिरड्याच्या कडेला तेवढा एकच पाला तग धरून होता. काटे चुकवून कोवळी पानं खुडायची, बोटं रक्ताळायची, आणि उकडून मिठाशी खायची. मीठ असलं तर.

आणि पेज पिणारं तेवढंच लेकरू आंधळं झालं. आई कामावरून आली तेव्हा त्याचे डोळे उघडत नव्हते. “पोरीच्या हाती पोर दिलं, हिनं वावटळीत नेलं, डोळ्यांत धूळ गेली,” असं तिनं ठरवलं आणि गावानं माना डोलावल्या. थोरलीनंही ते खरं मानलं. रात्र रात्र ती आठवत राहायची, कुठली वावटळ? विहिरीकडची? का बांधावरची? मी त्याच्या तोंडावर पदर का नाही टाकला? तेव्हा तिला पदरही नव्हता, फ्रॉक होता. एवढंसुद्धा तिच्या लक्षात येत नसे. जन्मात एकदा आईनं म्हणावं, पोरी, तुझी चूक नव्हती, एवढीच तिची भूक होती. बाकी कशाचीही आस तिनं ठेवली नव्हती.

त्या दिवशी ताटली उचलून होतेय तोच शेजारची सुतारीण दारात आली. “चला गं, शाळेत नर्सबाई आलीय. सगळ्या बायकांना बोलावलंय. रानभाज्या सांगणार म्हणे. फुकटात चहा आहे.”

चहासाठी म्हातारी निघाली. धाकट्यालाही चहा हवाच होता, म्हणून काठी निघाली.

शाळेच्या ओसरीवर नर्सबाई पाल्याचा भारा पुढ्यात घेऊन बसली होती. भाऱ्यात वर काटेमाठच होता.

“बाई, गुरांची वैरण घेऊन कुठं निघालात?” सुतारीण म्हणाली आणि बायका फिदीफिदी हसल्या.

“गुरांची कशाला? तुम्ही खाल्लाय की हा. मोठ्या दुष्काळात कुणीकुणी खाल्ला, सांगा बघू.”

हसू जागीच गोठलं. या गावात भांडण पेटलं की शेवटची शिवी ‘काटेमाठखाऊ’ ही असायची. ती दिली की डोकी फुटायची. त्या साली एक घर सुटलं नव्हतं, पण कबूल करील ती बाई जन्माला यायची होती.

“आम्ही नाही बाई. आमच्या शेजारी खायचे,” एक म्हणाली.

“शेजारी म्हणजे कोण गं? मी?” दुसरी उसळली.

“अहो, लाजताय काय!” नर्सबाई हसली. “याच्यात लोह आहे, हाडांना चुना आहे, आणि डोळ्यांना लागतं ते तर भरभरून आहे. पांढऱ्या तांदळात ते औषधालाही नाही. ज्यांनी हा खाल्ला ते तगले.”

म्हातारीला हे सोसलं नाही. सगळ्या गावासमोर पाल्याला तांदळाच्या वर चढवायचं म्हणजे काय! ती कमरेवर हात ठेवून उठली.

“तुमचा पाला तुम्हाला लखलाभ. माझ्या राजाच्या तोंडाला मी पान लागू दिलं नाही. महिनोन्महिने पांढरीशुभ्र पेज पाजली, दुसरं काही नाही. उपाशी राहून पाजली! विचारा कुणालाही.”

“नुसती पेज? दूध, पाला, काहीच नाही?”

“शपथ आहे.”

नर्सबाईचा आवाज उतरला. “तो मुलगा कुठं आहे आता?”

सगळ्यांनी पायरीकडं पाहिलं. धाकटा काठी मांडीवर घेऊन चहा फुंकत बसला होता. नर्सबाई त्याच्याजवळ गेली, त्याच्या पापण्या वर करून बघितलं. मग म्हातारीकडं वळून विचारलं, “आधी दिवस मावळला की ठेचकाळायचा का? भांडं समोर असून चाचपायचा?”

“चाचपायचा,” थोरलीच बोलून गेली. “मला वाटायचं खेळतोय.”

“मग डोळे कोरडे पडले? पांढरा फेस आल्यासारखे डाग?”

“हो.”

“मग धूळ नाही, काही नाही. अन्नानं गेले डोळे. नुसत्या तांदळानं जातात असे. मूठभर पाला रोज पोटात गेला असता तर...” एवढं म्हणून नर्सबाई थांबली. म्हातारीचं तोंड तिला दिसलं असावं.

“आता खाल्ला तर येतील का परत?” धाकट्यानं विचारलं.

“नाही रे दादा. गेलेले नाही येत.”

घरी येईपर्यंत म्हातारी बोलली नाही. थोरली काठीचं टोक धरून पुढं चालत होती. आता बोलेल. ओढ्याशी बोलेल. दारात बोलेल. आईची कीवही येत होती तिला. उपाशी राहून पोराला आंधळं केलं बिचारीनं. नुसतं ‘पोरी’ म्हणाली असती तरी थोरलीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

म्हातारी आत आली, खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, “तू रोज हादडत होतीस ना तो पाला? मग त्याला का नाही भरवलास?”

थोरलीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“भरवला होता, आई. एकदा भरवला होता. तू त्याच्या तोंडात बोट घालून बाहेर काढलास. माझ्या राजाला भिकाऱ्याचा घास घालतेस म्हणालीस आणि तापलेलं उलथनं लावलंस मला.”

“म्हणून सोडलंस?” म्हातारी ताडकन म्हणाली. “एका चटक्याला भ्यालीस? एवढीच माया होती भावावर? मार खाऊन भरवला असतास तर आज दिसलं असतं त्याला!”

“खरंय,” कोपऱ्यातून धाकटा म्हणाला. “हिच्या मनातच नव्हतं.”

आतापर्यंत थोरलीच्या हातनं नुसती चूक झाली होती. आजपासून ते मुद्दाम केलेलं झालं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं तिला उकिरड्यावर पिटाळलं. “टोपलीभर आण. ती नर्स काय देव लागून गेली? येतील डोळे. यायलाच पाहिजेत.” थोरलीनं पानं खुडली, बोटं फोडून घेतली, उकडली. धाकट्यानं पहिल्याच घासाला थू थू केलं. म्हातारीनं त्याची हनुवटी धरून घास कोंबला. “गीळ माझ्या राजा. डोळ्यांसाठी गीळ.” आंधळ्या डोळ्यांतून त्याच्या पाणी आलं.

मग म्हातारीनं भाताचं पातेलं ओढलं. पांढरा, वाफाळता, वेचून निवडलेला भात तिनं ताटलीत रचला आणि थोरलीपुढं सरकवला. आजवर थोरलीच्या वाट्याला आली ती पातेल्याची खरवड.

“हा तू खा,” म्हातारी म्हणाली. “रोज तूच खायचास आता. पाल्याला हात लावायचा नाही.”

थोरलीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं माया नव्हती. म्हातारी तिच्या डोळ्यांकडं बघत होती; एका डोळ्याकडं, मग दुसऱ्या डोळ्याकडं, बाजारात गुराचे दात बघावेत तशी.

आता रोज असंच चालतं. धाकटा ओकत ओकत पाला गिळतो आणि थोरली, नुसत्या तांदळानं काय होतं ते माहीत असून, भात खाते. दिवस कलला की म्हातारी हाक मारून विचारते, “नीट दिसतं ना गं तुला?” सुतारीण गावभर सांगते, म्हातारी निवळली हो, लेकीची काळजी घ्यायला लागली.

“दिसतं,” थोरली म्हणते, आणि ताटली पुढं करते. “वाढ अजून.”