उंबऱ्यालगतची ओळ

"किती बघशील वर? मान आखडेल," आई म्हणाली.

मिस्त्रीने छतावरची नजर काढली नाही. डोक्यावरच्या उघड्या गच्चीत, पाणी जायच्या भोकात बोळा कोंबून त्याने कालपासून घोटाभर पाणी साठवलं होतं. खाली, ते दोघं राहत त्या तळघरात थेंब आला नाही तर काम फत्ते. आला, तर संध्याकाळी दादा आईला आपल्या घरी घेऊन जाणार होता. "गावभरच्या गच्च्या कोरड्या करतोस आणि आईला ओलीत झोपवतोस," असं दादा चारचौघांत बोलला होता आणि ते मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं होतं. आईशिवाय त्याला त्या खोलीत एक दिवस काढवला नसता.

गच्चीतल्या जुन्या फरश्या उखडून त्याने सगळीकडे नवा थर दिला होता. फक्त उंबऱ्यालगतची एक ओळ ठेवली होती, बाबांनी स्वतःच्या हाताने बसवलेली. "तेवढी राहू दे रे," असं आईने हात धरून सांगितलं आणि एवढा खमक्या गडी विरघळला. दुसऱ्या कुणाच्या घरी त्याने हे लाड चालवून घेतले नसते.

टप्.

आईच्या ट्रंकेमागे थेंब पडला. बरोबर त्या ओळीखाली.

मिस्त्री वर गेला, बोळा ओढून काढला आणि पाणी ओसरताच छिन्नी घेऊन बसला. पहिल्याच घावाला फरशी सुटून हातात आली. खाली धड सिमेंटचा माल नव्हताच, नुसती वाळू. आणि उतार उलटा, घराकडे. बाबांच्या हाताला तोड नाही असं तो जन्मभर सांगत आला होता. त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

तो खाली आला तेव्हा आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दिसलं ना? म्हणून नको म्हणत होते. त्यांना शेवटी शेवटी नीट दिसायचं नाही. कुणाला सांगायचे नाहीत."

"आणि गळायचं त्याचं काय?"

"मी वाडगं ठेवायचे. आवाज होऊ नये म्हणून आत फडकं. त्यांना कधी कळलंच नाही."

जिन्यात दादाच्या चपला वाजल्या. मुरलेलं पाणी अजून टपकत होतं. मिस्त्री उठायला लागला, तर आईने त्याला खुणेने बसवलं. खाटेखालचं वाडगं ओढून तिने ट्रंकेमागे सरकवलं आणि त्यात फडक्याची घडी ठेवली.

"काय, गळलं का?" दादाने दारातूनच विचारलं.

"नाही रे," आई म्हणाली. "बस जरा. दमून आलायस."