मागच्या वळणावरचा रूळ

"शालू, डबा पाठीलाच राहू दे. रुळावर ठेवू नको बाई," चांगुणाबाईनं रोजच्यासारखं बजावलं.

"आई, मी तिथं काय पंगत मांडते का?"

तातेराव ओट्यावर दात घासत बसले होते. बदनापूरपासून थोडं पुढं, गावाबाहेरच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. एकतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या गँगमध्ये रूळ दुरुस्त करण्यात घातली. आता पोरगी त्याच गँगमध्ये होती. वशिल्यानं नाही. जालन्याच्या अभ्यासिकेत दोन वर्षं बसून, परीक्षा देऊन.

"बाबा, चार दिवस मी वडीगोद्रीला मावशीकडं गेल्ते. वळण कुणी बघितलं आसंल का?"

"बद्रीनाथ बघून घेतो. भला माणूस हाय. माझ्या रिटायरमेंटला हार घातल्ता त्यानं."

"हो, त्या एकाच दिवशी नाकाला रुमाल नव्हता त्याच्या."

तातेरावांनी चूळ थुंकली. "नोकरी टिकव. बोलून काय झालंय कधी?"

वळण म्हणजे गावाच्या मागचा दोनशे मीटर रूळ. शालू सव्वासहाला पोचली तेव्हा तिथं सहा जण बसलेले होते. एक फोनवर व्हिडिओ बघत होता. एकानं तिला पाहून तोंड तेवढं फिरवलं. उठला नाही.

गावात घरोघरी संडास आहेत. सरकारनं बांधून दिलेत. कुणी त्यात सरपण भरलं, कुणी कुट्टीची पोती, एकानं तर पाण्याची मोटार कुलूप लावून ठेवली. अन् माणसं टमरेल घेऊन रुळावर. गाडीतलं आता खाली पडत नाही, डब्यांखाली टाक्या बसवल्यात. गावाखाली कोण टाकी बसवणार?

गँगमध्ये मुकादम धरून नऊ माणसं. रोज एकानं हातोडी, लाल झेंड्या अन् इशाऱ्याचे फटाके घेऊन पायी चालत रूळ तपासायचा. रूळ धरणारी चावी ढिली असली तर ठोकायची, तडा दिसला तर गाडी थांबवायची. ही ड्युटी बदलत राहायची. पण वळण आलं की पाळी बाकीच्या आठांत कुणाचीही असो, तो बांधावरून पुढं निघून जायचा, अन् मुकादम बद्रीनाथ म्हणायचा, "वळण शालू बघंल." आधी म्हणायचा, "वळण तातेराव बघंल." जात कुणी तोंडातून काढत नव्हतं. कायदा आहे ना! नुसतं म्हणायचे, "तुमाला सवय हाय."

रूळ वरून चांदीसारखा चमकतो. चाकं घासून घासून त्याला ती चमक देतात. वळणावर तर तो कडेनंही झिजतो. पण खरं मरण खाली असतं. रुळाचा तळ मैल्यात अन् नालीच्या पाण्यात भिजून सडतो. वरवर चालणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. मैला बाजूला करून खुरप्यानं खरडावं लागतं, तेव्हा कळतं.

शालूनं खरडलं. गंजाचे पापुद्रे निघाले, पापडासारखे. चार दिवसांत इथं खुरपं लागलं नव्हतं, हे वास सांगत होता. पापुद्र्याखाली बोटाएवढी काळी फट. फट खालून सुरू होऊन रुळाच्या पोटात अर्ध्यापर्यंत चढली होती.

तिनं तिथंच एक झेंडी रोवली. स्टेशनला फोन लावला.

"गाडी सुटली बाई, आत्ताच!"

ती गाडीच्या दिशेनं पळाली. धावता धावता दुसरी झेंडी उघडली, लांब जाऊन रुळावर फटाके बांधले, अन् झेंडी हलवत उभी राहिली. चाकांखाली फटाके फुटले. इंजिनानं लांबलचक हॉर्न दिला. चाकं कर्कश्श ओरडली, अन् गाडी तिच्यापासून शंभरेक पावलांवर थांबली. शालू खडीवर मटकन बसली.

अर्ध्या तासात गँग आली. सेक्शनचे साहेब आले. गाडीतले लोक उतरून फोटो काढू लागले. वस्तीतून तातेराव पळत आले.

साहेबांनी फट लांबूनच बघितली. "दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या चढवा, शिकंजे आवळा, अन् गाडी हळू काढा. जल्दी!"

पट्ट्या चढवायच्या तर आधी रुळाची दोन्ही अंगं साफ हवीत. सगळ्यांचे रुमाल नाकावर गेले.

"शालू, लाग," बद्रीनाथ म्हणाला.

"न्हाई."

"काय न्हाई?"

"माझं काम मी केलं, मुकादम. तडा धुंडला, गाडी थांबवली. साफ गँगनं करायचं."

"तू चार दिवस रजेवर व्हतीस, म्हणून झालं हे सगळं!"

"मी नव्हते. तुम्ही आठ जण व्हते ना? का आठ जणांला खुरपं धरता येत न्हाई?"

एका प्रवाशानं बांधावरून आवाज दिला, "अहो ताई, भांडणं मागून करा! आम्हाला औरंगाबादला हॉस्पिटलात जायचंय!"

"ऐकलं का?" बद्रीनाथनं आवाज खाली आणला. "बिमार माणसं हायेत गाडीत. पाप लागंल तुला."

शालूचा चेहरा उतरला. तेवढ्यात तातेराव पुढं झाले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या अन् खुरपं उचलायला वाकले. रिटायर होऊन दोन वर्षं झालेला म्हातारा. कुणी थांबवलं नाही. साहेबांनीसुद्धा नाही. उलट दोघं जण मागं सरकले, त्याला जागा करून द्यायला.

शालूनं बापाचं मनगट धरलं.

"सोड, पोरी. पाच मिन्टाचं काम हाय. गाडी खोळंबली."

"पाच मिन्टाचं हाय, तर कुणीबी करंल, बाबा." ती साहेबांकडं वळली. "साहेब, तुम्ही मला लिहून द्या. नऊ जणांच्या गँगमध्ये हे काम एकट्या शालूचंच का, ते कारण लिहा. आत्ता हात घालते."

साहेबांनी खिशाला हात लावला. पेन होतं. काढलं नाही. मग दुसरीकडं बघत म्हणाले, "मुकादम, तुम्ही करा."

"साहेब, मी?"

"लवकर!"

बद्रीनाथ खाली बसला. दोनदा खरडलं अन् तिसऱ्यांदा ओकारी आली. नाश्त्याचे पोहे रुळाशेजारी पडले. पण साफ झालं. पट्ट्या चढल्या, शिकंजे आवळले. माणूस चालतो तेवढ्या वेगानं गाडी सरकली. डब्यामागून डबा पट्ट्यांवरून गेला. शालू रुळाकडं बघत राहिली. हालला नाही.

शेवटून तिसऱ्या डब्याच्या दारातून एका बाईनं लेकराचं भरलेलं डायपर खाली टाकलं. ते नव्या पट्टीवर आपटलं अन् फुटलं.

गाडी गेली. सगळ्या माना एकदम वळल्या. शालूकडं. साहेबांची मान. आत्ताच ओकलेल्या बद्रीनाथची मान. अन् तातेरावांचीही.

शालूनं एकेका चेहऱ्याकडं बघितलं. शेवटी बापाकडं.

"माझ्याकडं काय बघून राह्यले?" ती म्हणाली. "हजेरीत नावं हायेत तसे नंबर लावा. माझं नाव खोडू नका. माझ्या नंबरला मी करीन. पण नवातला एक नंबर."

"घरी चल," तातेराव पुटपुटले. मग त्यांनी पट्टीकडं पाहिलं. पोरीकडं पाहिलं. तिच्या शेजारी येऊन उभे राहिले अन् दोन्ही हात पाठीमागं बांधले.

आठ जण अजून एकमेकांच्या तोंडाकडं बघत होते. डायपर तिथंच होतं.